पागेचा माळ आणि मंजुळाबाईची बाग

माझ्या कादंबऱ्यांतले घोडे काही खात नाहीत, ही तक्रार कुणा टीकाकाराची नव्हे, आमच्या यजमानांची. हे पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि त्यातही यांचा सगळा जीव गवतावर. माझी दोन ऐतिहासिक पुस्तकं छापून झाली तेव्हा यांनी ती इमानेइतबारे वाचली आणि एवढंच म्हणाले, की लांबची दौड मारून आलेलं जनावर तू थेट पागेत नेऊन बांधतेस, त्याच्यापुढे गवताची पेंढी टाकत नाहीस; नायिका मात्र उठल्यासुटल्या कारंज्यापाशी. मी म्हटलं, माझ्या नायिकांना गवत आवडत नाही. पण बोलणं मनाला लागलंच.

त्यातून तिसरी कादंबरी अडून बसली होती. एक शिलेदार मोहिमेवर गेलेला, त्याची बायको मागे राहिलेली, आणि आता तो परत यायचा. हे परत येण्याचं प्रकरण मी कितीदा तरी लिहिलं आणि प्रत्येक वेळी ते नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यापुढे घडल्यासारखं वाटलं. शिलेदार माळावर राहणारा आणि मी पुण्याच्या पेठेत वाढलेली. मला ठाऊक असलेली माळ गळ्यात घालायची.

म्हणून लढाई संपली त्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, हे गवत गोळा करायला सातारा-सांगलीकडे निघाले तेव्हा मीही ट्रंक भरली. यांना माझी सोबत हवी होती की गवत दाबून ठेवायच्या रद्दीची बंडलं उचलायला कुणीतरी हवं होतं, हे मी विचारलं नाही.

सातारा

साताऱ्याच्या स्टेशनाला साताऱ्याचं नाव आहे, याहून त्या दोघांचा फारसा संबंध नाही. उतरल्यावर गाव कुठे म्हणून विचारलं तर लोक लांब डोंगराकडे बोट करतात. गाव मात्र मला आवडलं. पुण्यात पाहुणा आला की आम्ही आधी चहा घेणार का म्हणून विचारतो आणि मग तो नको म्हणेल याची वाट पाहतो. इथे आम्ही ज्या वकिलांकडे उतरलो त्यांनी काही न विचारता कंदी पेढ्यांचा पुडा पुढे ठेवला आणि साखरेच्या रेशनबद्दल चकार शब्द काढला नाही.

गावाच्या वरच्या अंगाला यवतेश्वराच्या पुढे जे पठार आहे तिथे फुलांचे गालिचे असतात, असं हे मला लग्न झाल्यापासून सांगत आले होते. बैलगाडीतून हाडं खिळखिळी करून आम्ही वर पोचलो. फुलं संपली होती. महिना-दीड महिना आधी यायला हवं होतं, असं हे म्हणाले. ते एखाद्या गड्याने चूक केल्यासारखं म्हणाले. मग भिंग काढून पोटावर आडवे झाले. पुष्कळ वेळाने उठले ते हातात एक मरतुकडं जांभळं फूल घेऊन. ते त्यांनी मला दिलं. लग्नानंतर यांच्या हातून मिळालेलं हे माझं पहिलं फूल. मी ते केसांत खोवायला हात वर करते तोच त्याचं लॅटिन नाव सांगून यांनी ते परत मागितलं आणि रद्दीत दाबून टाकलं.

रागाने मी एका खडकावर जाऊन बसले आणि पेढ्यांचा पुडा सोडला. वारा सुटला होता. पठारावरचं सुकलेलं गवत एका बाजूने वाकत जाई आणि पुन्हा उठे. त्यातून कुणी येऊ लागलं तर आधी काय दिसेल, डोकं की भाल्याचं टोक, असा विचार मनात आला. घोड्यांचे पाय तर दिसणारच नाहीत. मी आजवर टापांचं केवढं वर्णन केलं होतं. भानावर आले तेव्हा फूल विसरले होते आणि पुडा रिकामा झाला होता.

सांगली

सांगलीजवळ कृष्णाकाठी यांचा एक जुना विद्यार्थी राहतो, नेमगोंडा. पदवी घेऊन तो सरळ मळ्यावर परतला. घर जैनांचं. त्याच्या आईला सगळे अव्वा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी अव्वांनी समजावून सांगितलं, की आमच्यात जेवण उन्हं असतानाच उरकतं, दिवेलागणीनंतर चूल पेटत नाही. मी लक्षात ठेवलं. हे नदीकाठी लव्हाळ्यात शिरले होते. ते परतले तेव्हा घरात दिवे लागले होते आणि भांडी घासून पालथी घातलेली होती. अव्वांचा जीव कासावीस झाला. पाहुणा उपाशी राहतोय आणि नेम तर मोडता येत नाही. यांनी मोठ्या मनाने सांगितलं, की मला मुळीच भूक नाही. मग खोलीत येऊन हळूच विचारलं, साताऱ्याचे पेढे उरलेत का. मी म्हटलं, फुलाच्या दुःखात संपले.

त्या मळ्यातली बाग मात्र अशी, की माझ्या सगळ्या नायिका तिथे राहायला आल्या असत्या. पाटाला पाणी खळखळत होतं. केळीच्या मागे हळदीची रुंद पानं, कडेने शेवंती, आणि विहिरीवर जाईचा मांडव. मी सकाळी तिथे चटई टाकून बसले आणि शिलेदाराच्या बायकोला मध्यरात्री चांदण्यात जाईच्या मांडवाखाली एकटीच फिरायला लावलं. नेमगोंडाने ते पान कौतुकाने आईला वाचून दाखवलं. अव्वा शेंगा निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रात्रीची बागेत फिरती, तर हिला साप चावत नाही का?"

मी म्हटलं, कादंबरीत साप नाहीत.

"आमच्यात दोन निघाले गेल्या महिन्यात," अव्वा म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी हिच्या घरात स्वयंपाक कोण करतं, तेही विचारलं. मी कादंबरीतली दासी पुढे केली. दुपारच्या पानात मग माझ्या वांग्याच्या भाजीवर तुपाची धार जरा जास्तच पडली. उपाशी राहणाऱ्या बायकांबद्दल लिहिणारीची त्यांना दया आली असावी. कृष्णाकाठचं वांगं ते. मी पुण्याला आजवर वांगं म्हणून जे खात होते त्याचं नाव बदलायला हवं.

विट्याच्या अलीकडे

सांगलीहून विट्याला निघालो ते कोळशाच्या गॅसवरच्या मोटारीने. पेट्रोल अजून मिळत नव्हतं. मोटारीच्या पाठीला एक भली मोठी शेगडी बांधलेली, आणि चढ आला की क्लीनर ती ढवळी. तरीही ती थांबली तर सगळ्यांनी उतरायचं, बायकांनी बाजूला उभं राहायचं आणि पुरुषांनी ढकलायचं. विट्याचे एक गृहस्थ शेजारी होते. ते दूर मद्रासेकडे सोनं गाळण्याचं दुकान चालवत आणि वर्षाकाठी एकदा गावी येत. ते म्हणाले, सोनं वितळतं पण ही मोटार तापत नाही.

तासगाव मागे पडलं तशी हिरवळ संपत गेली. ऊस संपला, मग विहिरी संपल्या आणि माळ सुरू झाला. कुठवर, ते दिसत नव्हतं. कमरेइतकं पिवळं गवत, मध्येच एखादी बाभळ, आणि वर नुसतं आभाळ. अशा ठिकाणी मोटार जी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर म्हणाला, तासभर तरी लागेल. यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी आमच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही.

एक उंचवटा ओलांडून आम्ही पलीकडे गेलो. हे गुडघ्यांवर बसून गवताची मुळं चाचपू लागले. मी लुगड्यात घुसलेली कुसळं काढत उभी होते. एक काढावं तर चार टोचत. एवढ्यात मागे माणसं उभी राहिलेली दिसली. हातात काठ्या होत्या. त्या दिवसांत त्या मुलखात अनोळखी माणूस म्हणजे एक तर भूमिगत, नाही तर पोलिसांचा खबऱ्या. आणि भूमिगत असता तर त्यांच्या ओळखीचा असता.

त्यांच्यातल्या म्होरक्याने विचारलं, काय शोधताय.

हे म्हणाले, गवत.

त्याने एकदा यांच्याकडे पाहिलं आणि एकदा चहूकडच्या गवताकडे पाहिलं. मी सावरून घ्यायला म्हणून सांगितलं, की हे प्रोफेसर आहेत. त्याने संशय वाढला. माळात काही पुरून ठेवलेलं हुडकायला आलेत, असा त्यांचा पक्का समज झाला आणि त्यांनी आम्हाला पुढे घातलं. उंचवट्यापलीकडे मोटारीचा भोंगा वाजला. ती दुरुस्त झाली होती, आणि आमची ट्रंक घेऊन विट्याकडे निघून गेली.

माळाच्या पोटात एक घर होतं, दगडी, बैठं. ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, मिशा पांढऱ्या, छातीवर जुन्या लढाईचं पदक. त्यांना सगळे आबा म्हणत. पण निवाडा आबांनी केला नाही. आतून तिशीची एक बाई आली, पदर खोचलेला, हात मातीने भरलेले. ही आबांची सून, मंजुळाबाई. तिने माणसांचं ऐकून घेतलं, यांच्या हातातल्या गवताच्या जुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या लुगड्यातल्या कुसळांकडे.

"गुप्त पोलीस बायकूला घिऊन फिरत न्हाईत," ती म्हणाली. "आनि फिरलं तर असल्या लुगड्यात न्हाई. बसा. पाणी घ्या."

असे आम्ही कैदी होतो ते पाहुणे झालो.

आबांशी बोलताना कळलं, की तो सबंध माळ त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांच्या चाऱ्यासाठी चालत आला होता. घोडे कधीच गेले. तरी त्याला पागेचा माळ म्हणत आणि त्यात नांगर घालत नसत. माझे कान टवकारले. मी जे गाव कागदावर उभं करायला धडपडत होते, त्याच्या ओसरीवर बसून मी पाणी पीत होते.

आणि घरचा शिलेदारही परतायचा होता. मंजुळाबाईचा नवरा शंकरराव पलटणीत हवालदार. पूर्वेच्या आघाडीवर गेला आणि तिथे सगळी तुकडी जपान्यांच्या हाती लागली. नंतर घरी काहीच कळलं नाही. लढाई संपल्यावर आसपासच्या गावांतले काही जण सुटून आले. त्यांतल्या कुणी म्हणे त्याला पाहिलेलं, कुणी म्हणे नाही. आबा रोज ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसत. मंजुळाबाई कधीच बसत नसे. घराच्या मागे, माळाच्या एका कोपऱ्यात, तिने बाग केली होती.

सांगलीच्या बागेपुढे ती काहीच नव्हती. मिरच्या, वांगी, दोडक्याचा वेल, झेंडू, एक डाळिंब. चारी बाजूंनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण, कारण माळावरची गुरं काही ठेवत नाहीत. पाणी ती आडातून शेंदून घागरीने घालायची. नवरा गेल्यावर तिने ती जागा सासऱ्याशी भांडून मिळवली होती, असं तिनेच सांगितलं. पागेच्या माळाला कुणी फावडं लावलं नव्हतं, ते हिने लावलं.

संध्याकाळी भाकरी थापायला बसली तेव्हा मी चुलीपाशी सरकले. खरं सांगायचं तर मला माझ्या प्रकरणासाठी सामान हवं होतं. मी विचारलं, ओसाड माळावर बाग करावी असं का वाटलं. ती भाकरी उलटत म्हणाली, "गवात आपलं आपण वाढतंया. त्येला माझी गरज न्हाई. वांग्याला हाय."

पूर्वीच्या काळी इथल्या बायका कशा वाट पाहत असतील, असं मी म्हटल्यावर ती हसली. तवा मी हुते व्हय, म्हणाली. मग माझी गोष्ट तिने मागितली. मी सांगितली. शेवटी तो येतो आणि ती त्याला पाहून मूर्च्छा येऊन पडते, इथपर्यंत आले.

"पडती?" मंजुळाबाईने हात थांबवला. "मग त्यानंच उचलायचं व्हय? येवढ्या लांबनं दमून आलेला गडी."

यांना ओसरीवर ठसका लागला. खर्डा तिखट होता, असं ते पुढे सांगत राहिले.

पण मला ती बाई जरा कोरडी वाटली. सासरा रस्त्याकडे डोळे लावून बसलेला आणि ही वांग्याचं कौतुक करते, असं झोपताना मी यांना म्हटलं. हे म्हणाले, तू तिच्याकडे बघतेस की तुझ्या नायिकेकडे? मी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेच्या कुंपणाशी उभी होते. मंजुळाबाई आत वाफ्यांना पाणी घालत होती. हे जवळच गवतात बसले होते, भिंग डोळ्याला लावून. उन्हं तिरपी होती आणि माळ सोन्यासारखा दिसत होता. लांब गवतातून एक माणूस येत होता. कमरेखालचा दिसतच नव्हता. गवतावर तरंगत आल्यासारखा. मला हवं होतं ते चित्र आयतं समोर आलं. मी मनातल्या मनात त्याला घोड्यावर बसवलं, पागोटं दिलं, पाठीला ढाल बांधली. तो जवळ येत गेला तशी मी वाक्यं जुळवीत गेले. मग त्याच्या अंगातला ढगळ खाकी सदरा दिसला, खांद्यावरचं बोचकं दिसलं, आणि गालांची हाडं. माझी वाक्यं थांबली.

तो कुंपणापाशी आला आणि उभा राहिला. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत काट्यांकडे पाहिलं. तो गेला तेव्हा इथे नुसतं गवत होतं.

मंजुळाबाई घागर धरून उभी होती. ती जागची हलली नाही, ओरडली नाही. घागरीचं पाणी मात्र एकाच वांग्याच्या बुडाशी पडत राहिलं, घागर संपेपर्यंत.

"वाट कुठनं हाय?" त्याने विचारलं.

तिने रिकामी घागर खाली ठेवली. मग ती म्हणाली, "त्या अंगाला. फिरून यावं लागंल."

तो निघाला. तीही निघाली. तो बाहेरून, ती आतून, मध्ये ते काट्यांचं कुंपण. त्याची चाल हळू होती, एक पाय तो जरा ओढत होता. तिने आपली पावलं त्याच्याबरोबर ठेवली. ते काही बोलत होते. तो एकदा थांबला आणि डोळ्यांवर हात घेतला. तीही थांबली, आणि काट्यांतून हात घालायला गेली तसा त्याने नको म्हणून मान हलवली. पुन्हा दोघे चालू लागले. डाळिंबाच्या मागे गेले, तिथून पुढे दिसले नाहीत.

हे केव्हा उठून माझ्याशेजारी आले मला कळलं नाही. यांनी माझा दंड धरला आणि मला पाठमोरं केलं. आम्ही दोघे माळाकडे तोंड करून उभे राहिलो. पुष्कळ वेळाने मी पाहिलं तर हे रडत होते. भिंग पुसायच्या फडक्यानेच डोळे पुसत होते.

आबा त्या वेळी ओसरीवर रस्त्याकडे पाहत बसले होते आणि मुलगा त्यांच्या पाठीमागून आला. हाक ऐकून ते वळले. शंकररावाने खाली बसून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मोटारीची वाट न पाहता तो विट्याहून माळामाळाने चालत आला होता. मंजुळाबाईने त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पायांवर घालायला तांब्या आणला. तिच्या हातावर काट्यांचे ओरखडे होते आणि डोळे त्याच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते, त्यामुळे पाणी सगळं तिच्याच पायांवर गेलं. तो खळखळून हसला. मग तीही हसली, आणि हसता हसता दाराची चौकट धरून खाली बसली.

आम्ही दुपारीच बैलगाडीने निघालो. राहण्याचा आग्रह झाला, पण त्या घरात त्या दिवशी पाहुणे नको होते, एवढं गवताच्या प्रोफेसरांनाही कळलं. निघताना मंजुळाबाईने माझ्या ओटीत वांगी घातली. तुमच्या बाईला आता काय करायला लावणार, असं तिने विचारलं. मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

पुणे

घरी आल्यावर ते प्रकरण मी पहिल्यापासून लिहिलं. चांदणं काढलं, दासी काढली. शिलेदाराच्या बायकोने माळाच्या कोपऱ्यात बाग केली आणि तिला कुंपण घातलं. घोडा आला, त्याला गवत दिलं. शिलेदाराने वाट विचारली, तिने सांगितली, आणि ते कुंपणाच्या दोन बाजूंनी चालू लागले. तिथे मी थांबले.

प्रकाशकांनी हस्तलिखित वाचून मला बोलावून घेतलं. चांगले गृहस्थ आहेत, माझ्या भल्याचंच सांगतात. म्हणाले, बाई, सगळं जमलंय, पण इतक्या वर्षांनी भेटलेले नवरा-बायको, कुंपणाच्या कडेने चालताना एकमेकांशी काय बोलले, ते तुम्ही लिहिलंच नाही. वाचक नेमका त्यासाठीच तर थांबलेला असतो.

मी त्यांना सांगितलं, की मी लांब होते, मला ऐकू आलं नाही.